नव्या लाकडी फ्लोअरिंगच्या चिरा आणि शेवटचा हप्ता

गृहकर्ज विभागात काही वर्षे काढली की घर या विषयावर बोलण्याचा अधिकार आपल्याला आपोआप प्राप्त झाला आहे, असा एक गोड गैरसमज निर्माण होतो. माझा तो गैरसमज नागपूरला बदली होऊन स्वतःचा फ्लॅट घेतल्यावर दूर झाला. घरभर ओकचे लाकडी फ्लोअरिंग बसवायचे ठरले होते. श्रावणातला वास्तुशांतीचा मुहूर्त चुकू नये म्हणून फळ्यांची खोकी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बाहेर पाऊस कोसळत असताना, काम सुरू झाले. पुढच्या एप्रिलअखेरीस शयनकक्षातल्या फळ्यांवर केसाएवढ्या बारीक चिरा उमटल्या.

मी तत्काळ दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही चुकल्या. रंगाला जुळणारी लांबी आणून चिरा बुजवल्या, आणि सुतारकाकांची थोडी मजुरी द्यायची राहिली होती ती अडवून ठेवली.

काका भांडले नाहीत. घरभर फिरून एवढेच म्हणाले, "साहेब, हॉलमध्ये एकही चीर नाही, ते पाहिलंत का?" खरेच नव्हती. हॉलमध्ये वाळ्याचा कूलर होता, शयनकक्षात वातानुकूलन यंत्र. कूलर हवेत ओलावा सोडतो, वातानुकूलन यंत्र तो काढून घेते. एकाच खोक्यातल्या फळ्या, एकाच हाताने बसवलेल्या. फरक होता तो हवेचा.

लाकूड कापले, रंधले, पॉलिश केले तरी हवेतला ओलावा घेण्या-सोडण्याचा स्वभाव सोडत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडातला ओलावा कालांतराने सुमारे १६ टक्क्यांवर स्थिरावतो. ३० टक्के असेल तर सुमारे ६ टक्क्यांवर येतो. विदर्भातल्या पावसाळ्यात बसवलेली फळी वैशाखापर्यंत हा सगळा प्रवास करते. ओकची १२५ मिलिमीटर रुंदीची भरीव फळी एवढ्या फरकाने चार-साडेचार मिलिमीटर आकसू शकते आणि मग दोन फळ्यांमध्ये फट दिसते. आमच्या फळ्या भरीव नव्हत्या. प्लायवूडवर ओकचा पातळ थर चिकटवलेल्या होत्या. वरचा थर आकसू पाहतो, खालचे प्लायवूड त्याला आकसू देत नाही, आणि ही ओढाताण पृष्ठभागावर चिरांच्या रूपाने बाहेर पडते. हा वरचा थर ओंडका सोलून काढलेला असेल तर सोलतानाच त्यात सूक्ष्म भेगा पडलेल्या असतात. करवतीने कापलेला थर त्या मानाने टिकाऊ. विक्रेत्याला हा प्रश्न विचारणारा ग्राहक मात्र विरळा. आपण रंग आणि चकाकीच पाहतो. मीही तेच पाहिले होते.

जूनमध्ये मृगाच्या सरी आल्या, फळ्या फुगल्या आणि चिरांत कोंबलेली लांबी दाबली जाऊन वर आली. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पहिल्या उन्हाळ्यात दिसलेली चीर बुजवू नये. तिचे तारखेसह छायाचित्र काढावे, खोलीत एक साधा आर्द्रतामापक ठेवावा, आर्द्रता ३५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखण्याचा यत्न करावा आणि वर्षाचे ऋतुचक्र पूर्ण होऊ द्यावे. त्यानंतरही उरलेल्या बारीक चिरांना रंगीत मेण पुरते. फळी टोकाशी उभी फाटली असेल, पायाखाली पोकळ वाजत असेल किंवा वरचा थर सुटत असेल, तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही; ती बदलावी. (यासाठी एक जादा खोके घरात ठेवावे. आमच्या तीन फळ्या त्यातूनच बदलल्या.) सरसकट घासून घेण्याचा सल्ला ऐकू नये, पातळ थर घासण्यातच संपतो. मुंबई-पणजीकडील वाचकांची चिंता बहुधा फळ्या फुगण्याची असेल, पण हवेचे माप घेण्याचा उपाय तिथेही तोच.

आता पैशांविषयी. ठेकेदारांच्या बँक हमी हाताळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना 'दोषदायित्व कालावधी' हा शब्द नवा नाही. मोठ्या बांधकामात काही रक्कम काम संपल्यावरही ठरावीक काळ राखून ठेवली जाते. घरातल्या लाखभराच्या कामाला हा नियम का नसावा? फ्लोअरिंगच्या देयकातला छोटा हिस्सा एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटल्यावर देय होईल, असे कोटेशनवरच लिहून घ्यावे. किती आर्द्रतेपर्यंत हमी लागू आहे, हेही त्यातच यावे. प्रकरण विकोपाला गेलेच, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.

मात्र आधी मान्य करून राखलेली रक्कम आणि नंतर मनात आले म्हणून अडवलेली मजुरी यांत फरक आहे. कर्जदाराने असे केले तर आपण त्याला थकबाकीदार म्हणतो. मी काकांशी असले काही ठरवले नव्हते. घाई माझी होती, मुहूर्त माझा होता आणि फळ्या चार दिवस खोलीत मुरू द्या, असे ते म्हणालेही होते. त्यांची रक्कम मी त्या जुलैत त्यांच्या खात्यात भरली. फळ्या बदलण्याची मजुरी त्यांनी वेगळी घेतली, आणि ती मी मुकाट्याने त्याच दिवशी दिली.