क्लचचा गचका, जमिनीचा धक्का

मैत्रिणींनो, गिअरची गाडी शिकताना क्लच पटकन सुटला की असा गचका बसतो, की मागे बसलेल्या सासूबाईंना थेट १९६७चा कोयनेचा भूकंप आठवावा! थट्टा राहू द्या. पण क्लचचा गचका सरावानं जातो, जमिनीचा धक्का मात्र सांगून येत नाही. १९९३मध्ये किल्लारीला तो भल्या पहाटे, सगळे साखरझोपेत असताना आला. म्हणून सराव त्याचाही हवा. घरात असाल तर भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं झाका. गाडीत असाल तर पूल, झाडं, विजेचे खांब टाळून मोकळ्या जागी थांबा, हँडब्रेक ओढा आणि हादरे थांबेपर्यंत आतच बसा. स्टीअरिंग आपल्या हाती आलंय, मग घाबरून कसं चालेल?