ओटा कोणाच्या मापाचा?

आपल्या महाविद्यालयात स्त्रीमुक्तीवर दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा होते. 'रांधा, वाढा, उष्टी काढा' हे शब्द आल्याशिवाय एकही भाषण संपत नाही. परंतु ती स्त्री ज्या ओट्याशी उभी राहून रांधते, त्याची उंची किती असावी याविषयी कोणी चकार शब्द काढलेला मी अद्याप ऐकलेला नाही. विषय क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाही.

आमचे अण्णा ओटे बसवणारे मिस्त्री आहेत. सुट्टीत टेपचे दुसरे टोक धरायला मी त्यांच्याबरोबर जाते. पूर्वी कडप्प्याचे उभे पाय आणि वर कडप्पाच, असा ओटा असे. आता खाली कारखान्यातून आलेली तयार कपाटे आणि वर ग्रॅनाइट. काम मोठे नाजूक. फरशीला मोरीकडे उतार असतो, म्हणून कपाटाखालचे पाय फिरवून फिरवून सगळी रांग एका पातळीत आणावी लागते. भिंत गुण्यात असेल तर मिस्त्रीचे नशीब! दहा फूट लांब, दोन फूट रुंद दगड भरतो जवळजवळ ९० किलो. तो उभाच धरून न्यायचा, आडवा धरला की मधोमध तडकतो. सिंकसाठी भोक पाडल्यावर पुढे चार बोटांची पट्टी उरते, तिच्यात तर जीव असा नसतोच. एवढे सगळे पार पडून पाणसळीतला बुडबुडा मध्यावर थांबला की घरमालक, सुतार, मिस्त्री सर्वांचे समाधान होते. ओटा जमिनीशी जुळलेला असतो. बाईशी जुळला की नाही, हे पाहण्याची पद्धत नाही.

हिशेब साधा आहे. कपाट सुमारे २८ इंच, खाली चार किंवा सहा इंचांचे पाय, वर पाऊण इंचाचा दगड. म्हणजे ओटा ३३ इंच होतो, नाहीतर ३५. आता आमची आई घ्या. उंची चार फूट नऊ इंच. अनवाणी उभी राहून हात काटकोनात दुमडला की तिचे कोपर ३६ इंचांवर येते. चिरण्यानिवडण्याला ओटा कोपराच्या चार इंच तरी खाली हवा, कणीक मळायला आणि भाकरी थापायला आणखी खाली, कारण तिथे अंगाचा भार द्यावा लागतो. पस्तीस इंचांच्या ओट्यावर पोळपाट ठेवला की तो तिच्या कोपराच्या वर जातो. शेगडी आणि तिच्यावरचे पातेले यांचे तर बोलायलाच नको.

आई तीन घरी पोळ्या करायला जाते. तीन ओटे, तीन उंच्या. एका घरी ती पाटावर उभी राहून लाटते. संध्याकाळी तिचा उजवा खांदा वर उचलत नाही. त्या तिन्हींतला एक ओटा अण्णांनीच, मालकांनी सांगितलेल्या मापाने बसवलेला आहे.

ओटा घालताना बाईला विचारतच नाहीत असे मात्र नाही. रंग विचारतात. काळा घ्यायचा की लालसर, यावर दोन दोन दिवस चर्चा चालते. शेगडीचे तोंड पूर्वेला यावे म्हणून वास्तुशास्त्रवाल्याला बोलावतात. दिशेला तज्ज्ञ मिळतो, उंचीला साधा टेप मिळत नाही! विचारले तर उत्तर येते, "उद्या सून उंच आली म्हणजे?" सून यायची आहे, सासू आज उभी आहे. आणि उंच माणसाला ओटा ठेंगणा झाला तर त्याची पाठ वाकते, हेही खरेच. म्हणून तर माप घ्यायचे. घरात पुरुष रांधत असेल तर त्याचे घ्यावे.

मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ साली फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. आजच्या तयार कपाटांचे मूळ तिथपर्यंत नेतात. त्या स्वयंपाकघरात बसून काम करण्यासाठी एक फिरते स्टूल होते. आपण कपाटे घेतली, स्टूल घेतले नाही.

सहा इंचांऐवजी चार इंचांचे पाय लावायला जास्तीचा खर्च नाही. मात्र दगड चिकटवण्याआधी ते सुचले पाहिजे. शेगडीपुरता ओटा एक पायरी खाली घेता येतो, त्याला दगडाचा एक सांधा वाढतो, एवढेच.

गेल्या दिवाळीपासून अण्णा टेप काढण्याआधी विचारू लागले आहेत, "स्वयंपाक कोण करतं?" एका घरी मालकांनी आतून बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि भिंतीशी ताठ उभी राहिली. दुसऱ्या घरी, "मिस्त्री, तुम्ही दगड बसवा," असे उत्तर मिळाले. तिथे पाय सहा इंचांचेच लागले. त्या घरी पोळ्यांना बाई लावणार आहेत असे नंतर कळले.