झोप न लागल्याची नोंद

भाट्याच्या खाडीच्या दोन्ही काठांना बोटीवर नोकरीला गेलेल्यांची घरे पुष्कळ आहेत. दवाखान्यात आलेले आईवडील स्वतःच्या रक्तदाबाविषयी बोलता बोलता मुलाकडे वळतात. ‘फोनवर गप्प असतो, रात्र रात्र झोप नाही म्हणतो.’ कामाच्या ताणाने मन आजारी पडले तर मालकाची जबाबदारी किती, हा प्रश्न अशा वेळी निघतो. त्यासाठी एक जुना खटला सांगण्याजोगा आहे.

डिसेंबर १९६१. मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या ‘द्वारका’ या आगबोटीवरील एका खलाशाने छातीत दुखत असल्याची तक्रार केली. तपासणीत दोष आढळला नाही; गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. १५ तारखेला पुन्हा छातीत दुखणे आणि झोप न लागणे. डॉक्टरांनी शामक गोळ्या दिल्या. त्याच रात्री अडीचच्या सुमारास तो बोटीच्या पुलाजवळ दिसला, तेथून त्याला परत पाठवण्यात आले. तीन वाजता ‘झोपायला जातो’ असे तो एका सहकाऱ्याला म्हणाला. सकाळी सव्वासहाला तो बोटीवर नव्हता.

वडिलांनी मॅकिनन मॅकेन्झी कंपनीकडे भरपाई मागितली. आयुक्तांनी नाकारली, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नाकारली. मृत्यू नोकरीच्या काळात झाला एवढे पुरेसे नाही, तो नोकरीमुळे झालेल्या अपघाताने झाला हे पुराव्यावरून दिसले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. खलाशाला नेमके काय झाले होते, हे आज कोणी सांगू नये. मात्र तपासणीत काही न सापडणारे छातीचे दुखणे आणि सोबत निद्रानाश ही जोडी चिंतारोगात वारंवार दिसते, एवढे कोणताही डॉक्टर सांगेल.

इंग्लंडमध्ये कायदा या प्रश्नाशी पुढे थेट भिडला. नॉर्थम्बरलँड परगण्यात बालसंरक्षणाचे काम पाहणारा एक अधिकारी १९८६ मध्ये कामाच्या ओझ्याने खचला. बरा होऊन परतला तेव्हा मदतनीस देण्याचे आश्वासन मिळाले, ते पाळले गेले नाही. काही महिन्यांत तो पुन्हा कोसळला. न्यायालयाने पहिल्या आजाराचा दोष मालकावर ठेवला नाही, दुसऱ्याचा ठेवला. कारण दुसऱ्या वेळी मालकाला धोका ठाऊक होता. २००२ साली तेथील अपील न्यायालयाने हाच धागा पुढे नेला: माणूस नेहमीचा ताण सोसू शकतो असे मालक धरून चालू शकतो, जोपर्यंत त्याला वेगळे काही कळत नाही किंवा कळायला हवे होते असे दिसत नाही. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण ‘मालकाला कळवले होते का?’ हा प्रश्न कुठेही विचारला जाणारच.

आणि नेमके तेच आपण लपवतो. ‘डॉक्टर, सर्टिफिकेटवर ताप लिहा, मनाचे काही नको, पुढे बोट मिळणार नाही,’ अशी विनवणी मला नित्य ऐकू येते. ही भीती पोकळ नाही. बोटीवर चढण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत अशी नोंद अडचणीची ठरू शकते. तरीही तापाच्या कागदावर निद्रानाशाचा दावा उभा राहत नाही. मी लक्षणे जशी आहेत तशी लिहितो: किती रात्री झोप नाही, धडधड केव्हा होते, भूक किती उरली.

भारताने २०१५ साली स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार खलाशाला बोटीवर उपचार, शक्य तेव्हा बंदरात डॉक्टरकडे जाण्याची मुभा आणि आजारपणात मायदेशी परतण्याचा हक्क आहे. मुलाने त्रास बोटीवरील अधिकाऱ्याला सांगून वैद्यकीय नोंदवहीत लिहून घ्यावा, कंपनीला लेखी कळवावे, त्याची प्रत घरी पाठवावी. ती करारपत्राबरोबर जपून ठेवा. मुलगा सुट्टीवर घरी असेल तर टेलिमानस, १४४१६, या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते, रात्री अडीच वाजताही.