बॅटरी गेली म्हणे!

मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून सर मागे लागले, तेव्हा मी सरळ हात जोडले होते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, जोडाक्षर आलं की अजून पेन अडखळतो. पण दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे जे झालं ते मला इंग्रजीत सांगताच येईना. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी. बाहेरचे लोक येतात ते केदारेश्वराचं देऊळ आणि किल्ला बघायला. आमच्या वाड्यात आणखी एक पुरातन वस्तू आहे, आबांची येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. ती कंपनी १९९६ साली बंद पडली. (२०२२ मध्ये येझदी नावाच्या गाड्या पुन्हा आल्या, पण आबांच्या मते नातं फक्त आडनावाचं!)

तर ही येझदी दिवसा ठीक चालायची आणि रात्री दिवा लावला की अर्ध्या वाटेत बंद. एका दुकानात सांगितलं, बॅटरी गेली. नवी टाकली. महिन्यात तीही बसली. मग दुसरी. मध्ये एक प्लग आणि एक कॉइलही बदलून झाली. शेवटी पप्पा म्हणाले, "देऊन टाकू भंगारात." आबा काहीच बोलले नाहीत, फडकं घेऊन टाकी पुसत बसले. ते मला बघवलं नाही.

मी थर्ड इयर इलेक्ट्रिकलचा. बॅटरीच्या प्रॅक्टिकलला चांगले मार्क. मी रुबाबात निदान केलं, "आबा, प्लेट्स सल्फेट झाल्यात." गंमत म्हणजे ते बरोबरच होतं. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेट्सवर लेड सल्फेट घट्ट बसतं आणि ती नीट चार्ज घेत नाही. पण ती उतरते का, हा प्रश्न मला सुचलाच नाही.

गावातल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी बॅटरीला हातसुद्धा लावला नाही. चावी फिरवली आणि हेडलाइटवर बोट ठेवून म्हणाले, "बेटा, इथला लाल दिवा लागतो का?" लागत नव्हता. बल्ब गेला असेल म्हणून कोणी लक्षच दिलं नव्हतं. उस्तादांनी बल्ब काढून थेट बॅटरीला लावला. लख्ख पेटला! म्हणजे बल्ब चांगला, रस्ता तुटलेला. इंजिन बंद असताना या दिव्याचा करंट डायनॅमोच्या कार्बनमधून अर्थला जातो. झाकण उघडलं तर कार्बन झिजून बारीक झालेला, स्प्रिंगचा दाबच पोचत नव्हता. डायनॅमो चार्जिंग करतच नव्हता, गाडी नुसती बॅटरीच्या शिलकीवर पळत होती. दिवसा इग्निशन कॉइलपुरता करंट पुरायचा. रात्री ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर लावा, एकट्या दिव्याला जवळजवळ ६ अँपिअर! हा भागाकार मला आठवीपासून येतो, केला मात्र कधी नाही.

नवे कार्बन टाकले, कॉम्युटेटर बारीक सँडपेपरने साफ केला. मग मी मीटर लावला. इंजिन बंद असताना सव्वासहाच्या आसपास, रेस केल्यावर सातच्या वर. लाल दिवा चावीला लागतो, रेस केली की विझतो. दोन बॅटऱ्यांच्या पैशात असे कार्बन किती आले असते याचा हिशोब पप्पांनी केला, तो इथे छापण्यासारखा नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या लॅबमध्ये बिघडलेली वस्तू एकही नाही. डी.सी. मशीनचं कापलेलं मॉडेल रंगवून ठेवलंय, कनेक्शन आधीच करून ठेवलेलं, रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून येतं. (स्टाफने रागावू नये, त्यांनाही माहीत आहे.) कार्बन ब्रशवर मी व्हायवात पाच वाक्यं बोललो होतो, पण झिजलेला कार्बन पहिल्यांदा उस्तादांच्या तळहातावर पाहिला. आणि बिघाड पाठ करूनही चालत नाही. जुन्या स्प्लेंडरचं इग्निशन मॅग्नेटोवर, बॅटरी मेली तरी किकने सुरू होते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आलं, तिथे पंपालाही करंट लागतो, म्हणजे पुन्हा बॅटरीचीच आठवण. प्रत्येक गाडीला करंट कुठून कुठे जातो हे विचारावंच लागतं.

होस्टेलच्या मागे धूळ खात पडलेल्या दोन बाईक आपण सगळ्यांनी पाहिल्यात. मालकांची परवानगी काढून त्या लॅबमध्ये आणाव्यात. सरांनी मुद्दाम एक बिघाड करावा, बॅचला एक मीटर, एक टेस्ट लॅम्प आणि दोन तास द्यावेत. नवा पार्ट मागितला की मार्क कापायचे. पहिल्या वेळी आम्ही बहुतेक सगळे नापास होऊ.

परवा आबांचा फोन आला होता. रात्री परळीहून गाडीवर एकटेच आले म्हणे, दिवा लावून. आई अजून त्यांच्यावर चिडलेली आहे.