मैदान सर्वांस खुलें हवें

बास्केटबॉलचा खेळ जेम्स नायस्मिथ या शिक्षकानें १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, हिवाळ्यांत विद्यार्थ्यांस व्यायाम घडावा म्हणून, शोधून काढला. त्याचें नांव पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु हा खेळ सर्वांचा व्हावा म्हणून झटलेल्या रॉबर्ट डग्लस यांचें नांव फारसें कोणाच्या कानीं नसतें. आमच्या मतें त्यांची योग्यताही तितकीच मोठी आहे.

डग्लस यांचा जन्म वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावर झाला. न्यूयॉर्क येथें १९२३ सालीं त्यांनीं कृष्णवर्णीय खेळाडूंचा 'रेनेसाँ' नांवाचा व्यावसायिक संघ उभारला. गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धा-मंडळांत त्यास प्रवेश नव्हता; म्हणून संघ बसगाडींतून गांवोगांव फिरे. कित्येक ठिकाणीं राहावयास खोली मिळत नसे, खाणावळींत जेवावयास बसूं देत नसत. तरीही चेंडू एकाच्याच हातीं न ठेवतां झटपट एकमेकांकडे देण्याची त्यांची शिस्त ढळली नाहीं. १९३२-३३ च्या हंगामांत त्यांनीं लागोपाठ ८८ सामने जिंकले. १९३९ सालीं शिकागो येथील जागतिक व्यावसायिक स्पर्धेंत ऑशकॉशच्या संघास ३४-२५ असें हरवून अजिंक्यपद मिळविलें.

कोणी म्हणेल, संकटांनींच त्यांस कणखर केलें. हें आम्हांस मान्य नाहीं. सोसणाराची स्तुति करून सोसविणाराचा दोष झांकतां येत नाहीं. एन. बी. ए. मध्यें पहिले कृष्णवर्णीय खेळाडू १९५० सालीं उतरले, आणि त्यांतील नॅट क्लिफ्टन हे पूर्वीं डग्लस यांच्याच संघांत खेळलेले होते. पण तोंवर १९३९ च्या विजेत्यांपैकीं बहुतेकांचें उमेदीचें वय सरलें होतें. स्वतः डग्लस यांस बास्केटबॉलच्या सन्मान-मंदिरांत स्थान मिळालें, तें १९७२ सालीं. तेव्हां ते नव्वदीच्या घरांत होते.

मात्र त्या काळींही कांहींनीं माणुसकी सोडली नाहीं. 'ओरिजिनल सेल्टिक्स' या गोऱ्या संघाचे जो लॅपचिक हे सामन्यापूर्वीं रेनेसाँच्या कूपर यांस प्रेक्षकांदेखत आलिंगन देत. त्याबद्दल त्यांस लोकांचे अपशब्द ऐकावे लागत. तरी त्यांनीं तें सोडलें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं संघ पाडतांना कडेला उभ्या राहिलेल्या मुलाकडे एकवार पाहावें. तो खेळांत कमी म्हणून उभा आहे, कीं आपण त्यास कधीं हांकच मारली नाहीं? आणि मूल घामाघूम होऊन घरीं आलें, कीं पालकांनीं "जिंकलास का?" एवढेंच न विचारतां "आज कोणास खेळावयास घेतलेंस?" असेंही विचारावें.