मोहफुले वेचावी तसे

लिहिण्याची हौस असलेली मुले-मुली अधूनमधून भेटायला येतात. प्रश्न बहुधा एकच असतो. ‘‘सर, लिहावंसं फार वाटतं, पण सुचत नाही. स्फूर्ती येते तरी कधी?’’ अशा वेळी मी त्यांना मोहाच्या झाडाची गोष्ट सांगतो.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांतून मार्च-एप्रिलमध्ये बायामुले भल्या पहाटे टोपल्या घेऊन रानात निघतात. मोहाची फुले रात्रीतून गळतात. उशीर झाला की ती गुराढोरांच्या, हरणांच्या पोटात जातात. शिवाय सारा मोह काही एकाच दिवशी गळत नाही. रोज थोडा थोडा गळतो, म्हणून रोज जावे लागते. झाडाखालचा पालापाचोळाही आधी झाडून ठेवावा लागतो; नाहीतर पडलेले फूल दिसतच नाही. लेखनाचे तरी याहून वेगळे काय आहे?

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) वनाधिकारी होते. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणी नोकरी करता करता जे दिसले, जे रानातल्या माणसांकडून कळले, ते त्यांनी टिपून ठेवले. त्या सवयीतूनच पुढे ‘रानवाटा’, ‘पक्षिकोश’ अशी पुस्तके झाली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, त्यामागे अशी कितीतरी वर्षांची वेचणी होती.

आपली झाडीपट्टीची रंगभूमी पाहा. धान कापून घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाला मंडळ्यांची नाटके ठरू लागतात आणि गावोगावी रात्र-रात्र प्रयोग रंगतात. हंगाम कोणासाठी थांबत नाही, म्हणून नाटककारालाही स्फूर्तीची वाट पाहत बसता येत नाही. बांधून घेतलेली वेळच त्याला लिहायला बसवते.

हे शहाणपण मला मात्र उशिरा आले. माझी आई रोवणीची गाणी म्हणायची. धुऱ्यावरच्या प्रत्येक गवताचे नाव तिला ठाऊक होते. बोडीवर कोणता पाखरू कधी उतरतो, हेही ती सांगायची. ‘एकदा निवांत बसून सारे लिहून घेऊ’ असे म्हणता म्हणता माझी वीस वर्षे गेली आणि मग आईही गेली. आज त्या गाण्यांची चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. ते कोणत्याही पुस्तकात मला सापडलेले नाहीत.

तेव्हापासून उशाशी एक वही असते. पहाटे चहाच्या आधी पाच ओळी लिहितो. कधी नुसता एखादा शब्द, कधी बाजारात कानावर पडलेले वाक्य. पुष्कळशा ओळी फुकट जातात, पण चार दिवसांनी एखादी उगवते.

घरात आजी असेल तर तिच्याजवळ थोडे बसा, तिच्या माहेरच्या बोलीतला एखादा शब्द विचारा आणि तो लगेच वहीत उतरवून घ्या. उद्या पुन्हा एक विचारा.