पहिलीचा वर्ग आणि बाळाचा कान

लहान मुलांचा मेंदू टीपकागदासारखा असतो, तेव्हा भाषा जितक्या लवकर शिकवाल तितकी ती पक्की बसते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय काढला, तेव्हा हे वाक्य पुष्कळदा ऐकू आले. विरोधकही मेंदूलाच साक्षीला बोलावत होते. कोवळ्या मेंदूवर तिसऱ्या भाषेचे ओझे नको, असे त्यांचे म्हणणे. जूनच्या अखेरीस निर्णय मागे घेतला गेला, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. राजकारण ज्याचे त्याला लखलाभ. पण दोन्ही बाजूंनी ज्याची साक्ष काढली त्या मेंदूबद्दल नेमके काय ठाऊक आहे, ते तपासायला हवे.

टीपकागदवाल्यांच्या हातात भक्कम पुरावा आहे आणि गंमत म्हणजे त्यातला सर्वांत गाजलेला आपल्याच ‘त’ आणि ‘ट’चा आहे. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन ध्वनी ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांमध्ये मात्र तो ओळखणारी फारच थोडी उरली होती. हिंदी घरातल्या तेवढ्याच वयाच्या बाळांना तो व्यवस्थित कळत होता. म्हणजे पहिला शब्द नीट फुटण्याआधीच मेंदू ठरवतो की, आपल्या माणसांच्या बोलण्यात कोणते फरक कामाचे आणि कोणते सोडून देण्याजोगे. मराठी मूल ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘मन’ आणि ‘मण’ यांतला भेद कुणी न शिकवता उचलते. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळे, हे तर आपली लिपीसुद्धा सांगत नाही, तरी ते चुकत नाही.

शब्द सुटे करण्याचेही तसेच. बोलताना आपण शब्दांच्या मध्ये थांबत नाही, सगळे एका दमात येते. जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की, आठ महिन्यांची बाळे बनावट भाषेचा जेमतेम दोन मिनिटांचा सलग प्रवाह ऐकून कोणते अक्षर कोणामागून हमखास येते याचा अंदाज बांधतात. एवढी तयारी घेऊन मूल आले असेल, तर पहिलीचा मुहूर्त कशाला चुकवायचा?

इथेच युक्तिवाद घसरतो. हे पुरावे आहेत एका वर्षाच्या आतल्या बाळांचे. पहिलीतले मूल सहा वर्षांचे असते, ध्वनी निवडण्याचा तो काळ त्याच्यासाठी कधीच उलटलेला असतो. शिवाय बाळ शिकते ते कुणाकडून, हेही पाहिले पाहिजे. सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाकडून बारा बैठकांत बाळे ते ध्वनी शिकली. तेच बोलणे पडद्यावरून किंवा नुसत्या ध्वनिफितीतून ऐकलेली बाळे काहीच शिकली नाहीत. बाळाला भाषा मिळते ती दिवसभर, मायेच्या माणसाकडून, भूक-झोप-खेळाच्या ओघात. वर्गात मिळते ती एक तासिका, आणि तीही अनेकदा स्वतः ती भाषा सहज न बोलणाऱ्या शिक्षकाकडून.

तासिकेपुरत्या भाषेत तर मोठी मुलेच पुढे जातात. बार्सिलोनातल्या कार्मेन मुन्योस यांच्या प्रकल्पात शाळेत उशिरा इंग्रजी सुरू केलेली मुले तितक्याच तासांत लवकर सुरू केलेल्यांपेक्षा अधिक शिकली. २०१८ मध्ये साडेसहा लाखांहून अधिक लोकांच्या चाचणीवरून जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि सहकाऱ्यांनी व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते, असा निष्कर्ष काढला. त्या आकड्यावर वाद आहेत. अगदी जन्मभाषकासारखे प्रभुत्व हवे तर दहा-बाराच्या आत सुरुवात बरी, असेही तोच अभ्यास सांगतो. पण दहा-बारा म्हणजे पाचवी-सहावी, पहिली नव्हे. उच्चारांत लवकर सुरुवातीचा फायदा असतो, हे मान्य. तो फायदाही ऐकायला अस्सल बोलणे मिळाले तरच.

आता विरोधकांकडे. दोन-तीन भाषांनी मूल गोंधळते किंवा त्याचा मेंदू थकतो, याला आधार नाही. सोलापूरच्या कित्येक गल्ल्यांत मुले तेलुगू, कन्नड आणि मराठी एकाच खेळात वापरतात. दुभाषिक मुलाचा एकेका भाषेतला शब्दसाठा थोडा लहान दिसू शकतो, पण दोन्हींची बेरीज केली की ते मागे नसते. ओझे भाषेचे नसते. न समजणाऱ्या भाषेत वाचायला-लिहायला लावण्याचे असते. बोलणे मूल आपसूक शिकते, वाचन शिकवावेच लागते, आणि अक्षरांना जोडायला ओळखीचा आवाज आधी कानात असावा लागतो. देवनागरी मराठी-हिंदी दोन्हींकडे सारखी, हा हिंदी समर्थकांचा मुद्दा म्हणून बरा आहे, पण अक्षर ओळखीचे असले म्हणजे वाक्य समजते असे नाही.

इंग्रजी तर पहिलीपासून आहेच, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० पासून. मराठी शाळांतल्या मुलांची इंग्रजी बोलण्याची भीती तेवढ्याने किती गेली, याचा हिशेब वाचकांनी आपल्या आसपास पाहून मांडावा. पालकांना इंग्रजी हवी ती पोटासाठी, मेंदूसाठी नव्हे, आणि त्या चिंतेला हसण्याचे कारण नाही. फक्त त्यासाठी घरात तोडकी इंग्रजी बोलून बाळाची भरघोस मराठी काढून घेऊ नये.

तेव्हा तिसरी भाषा पाचवी-सहावीत आली तर मुलांचे फारसे काही बुडत नाही. पहिलीत आणायची तर ती सहज बोलणारा शिक्षक आधी दाखवावा. मेळघाटातले कोरकू किंवा गडचिरोलीतले माडिया मूल पहिलीत येते तेव्हा मराठी हीच त्याची दुसरी भाषा असते, इंग्रजी तिसरी. हिंदी चौथी ठरेल. सरकारने आधी त्या वर्गांत मुलाची घरची बोली समजणारा शिक्षक नेमावा, भाषांच्या संख्येची चर्चा त्यानंतर करावी.